गाडी उभी असतानाचा वारा : रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा बसवताना

मे महिन्यातल्या सुट्टीच्या सकाळी पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या बाजूला वळलात की शिरढोणच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग पुष्कळदा लागलेली असते. पहिला गियर, दहा फूट पुढे, ब्रेक, पुन्हा पहिला गियर. ऊन डोक्यावर, गाडीत माणसं, टपावर सामान आणि पुढे कर्नाळ्याच्या खिंडीचा चढ. शिमग्याला हेच, गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तर विचारूच नका. अशा रांगेत एखादी जुनी जीप, कमांडर किंवा जिप्सी बॉनेट उघडून कडेला उभी असते. मोकळ्या रस्त्यावर ती ठणठणीत चालते आणि थांबली की तापते. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘इलेक्ट्रिक पंखा टाकून घ्या.’ सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण तो पंखा कुठल्या गाडीला, कसा आणि कुठल्या वायरीवर बसवायचा, हे नीट कळलं नाही तर गाडी तापायची थांबत नाही आणि वर वायरिंग जळण्याची भीती येते ती वेगळीच. म्हणून हा लेख.

आधी जुन्या पंख्याचं कामकाज समजून घेऊ. ॲम्बॅसिडर, महिंद्राच्या जुन्या जीप, जिप्सी यांचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं. त्याच्या तोंडाशी वॉटर पंप, पंपाच्या पुलीवर पंखा आणि सगळं फॅन बेल्टवर. त्यामुळे पंखा इंजिनाच्या चालीने फिरतो. रांगेत इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर गुरगुरत असतं तेव्हा पंखाही मंद असतो, आणि नेमकं तेव्हाच रेडिएटरला समोरून वारा मिळत नसतो. उलट ताशी ऐंशी किलोमीटरने जाताना समोरचा वारा पुरून उरतो, तरी पंखा जोरात फिरतच राहतो. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट झाल्या की ताकद आठपट लागते. म्हणजे गरज नसताना सगळ्यात जास्त खर्च. काही गाड्यांत मधे विस्कस कपलिंग असतं. ते गरम झाल्यावरच पंख्याला पकडतं, म्हणून हा तोटा कमी होतो, पण रांगेतली मंद चाल तशीच राहते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचं इंजिन आडवं आणि चाल पुढच्या चाकांना. आडव्या इंजिनाची पुली बाजूला तोंड करून असते, तिच्यावर रेडिएटरसमोरचा पंखा लावता येत नाही. म्हणून तिथे बॅटरीवर चालणारा पंखा आणि तो चालू-बंद करणारा तापमानाचा स्विच आला. आज बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांची रचना हीच आहे, आणि जुन्या जीपला आपण जे बसवू पाहतो तेही हेच.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : गाडी नक्की केव्हा तापते ते बघा. रांगेत, सिग्नलवर, एसी लावून उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, असं असेल तर कमतरता वाऱ्याची आहे आणि पंखा उपयोगी पडेल. पण सपाट महामार्गावर सत्तर-ऐंशीच्या वेगात काटा चढत असेल तर तिथे वारा भरपूर असतो. दोष दुसरीकडे आहे. जाळी आतून गाळाने चोंदलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, वॉटर पंपाची पाती झिजलेली, खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होणारा, किंवा हेड गॅस्केट गेलेलं. कुलंट वरचेवर कमी होतं आणि गळती कुठेच दिसत नाही, किंवा थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात, अशी लक्षणं असतील तर आधी गॅस्केटची तपासणी. अशा गाडीला कितीही मोठा पंखा लावला तरी पैसे वाया.

कॅपही तपासा. साधं पाणी शंभर अंशांना उकळतं. सुमारे एक बार दाब धरणारी कॅप असेल तर तेच पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कुलंट निम्मं पाणी असं मिश्रण आणखी थोडं पुढे जातं. कॅपचं रबर मेलं असेल तर हा सगळा फायदा गेला. कॅप स्वस्त आहे, शंका आली की बदला. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कृपा करून ऐकू नका. आपल्याकडे गॅरेजमध्ये तो सर्रास दिला जातो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सकाळी नीट तापत नाही, झीज वाढते, इंधन जास्त जातं, आणि तापमानावर चालणाऱ्या पंख्याचं गणितही बिघडतं.

दुसरी गोष्ट गाडीच्या कामाची. माझं मत स्पष्ट आहे : माल वाहणाऱ्या पिकअपचा, प्रवासी भरून घाट चढणाऱ्या गाडीचा मूळ पंखा काढू नका. खोपोलीहून खंडाळ्याकडे भरलेली गाडी दुसऱ्या गियरमध्ये चढते तेव्हा वेग कमी आणि इंजिनावर भार पूर्ण असतो. त्या वेळी इंजिनावरचा मोठा पंखा जेवढी हवा ओढतो तेवढी बाजारातला बारा इंची इलेक्ट्रिक पंखा ओढू शकत नाही. अशा गाडीचं विस्कस कपलिंग तपासून घ्या. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवला तर त्याला चांगला अडसर जाणवायला हवा. सैल गरगरला तर कपलिंग गेलं. त्यावरही भागत नसेल तर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला एक मदतीचा इलेक्ट्रिक पंखा जोडा आणि मूळचा तसाच ठेवा. पूर्ण बदल शोभतो तो हलक्या, घरच्या वापराच्या जीप-जिप्सीला. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावूच नका, आणि विमा कंपनीला आधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदलांना मनाई करतं. पंख्याची नोंद आरसीवर नसते, तरी जळालेल्या वायरिंगचा दावा करायची वेळ आली तर असा बदल नक्की विचारला जातो.

पंखा निवडताना खोक्यावरचा हवेचा आकडा बघू नका. तो पंखा मोकळ्यावर फिरवून काढलेला असतो. जाळीतून हवा ओढताना तो बराच खाली येतो. अँपिअर बघा. हवा ढकलायला ताकद लागते आणि ती बॅटरीकडूनच यायची आहे. दहा-बारा इंची पंखा साधारण १० ते १५ अँपिअर घेतो, सोळा इंची २० ते ३०. सोळा इंची म्हणून विकलेला पंखा सहा-सात अँपिअरच घेत असेल तर तो वाराही तेवढाच देणार. माझा कल नव्या स्वस्त पंख्यापेक्षा एखाद्या मोठ्या गाडीच्या मूळ पंख्याकडे आहे, काउलसकट, म्हणजे त्याच्या भोवतीच्या जाळी झाकणाऱ्या घरासकट. कुर्ल्याच्या भंगार बाजारात असे सेट मिळतात. तिथेच बॅटरी लावून फिरवून बघा, पात्याला हाताने डुलवून बेअरिंगचा खडखडाट तपासा आणि कनेक्टर वायरीच्या वीतभर तुकड्यासह कापून घ्या.

जाण्याआधी मापं घ्या. जाळीची लांबी-रुंदी, आणि जाळीपासून वॉटर पंपाच्या पुलीपर्यंतचं अंतर. पंखा इंजिनाच्या बाजूला, म्हणजे हवा ओढणारा, बसवणं उत्तम. मोटर बसल्यावर तिच्या आणि पुलीच्या मधे किमान दोन सेंटीमीटर जागा उरली पाहिजे, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि खड्ड्यात चांगलंच हलतं. जागा नसेल तर पुढून ढकलणारा पंखा लावावा लागतो, पण तो समोरून येणारा वाराही थोडा अडवतो. दोन्हींची पाती वेगळ्या वळणाची असतात. ओढणारा पंखा पुढे लावून नुसत्या वायरी उलट्या केल्या तर तो फिरतो, पण हवा फार कमी देतो. काही पंख्यांची पाती काढून पालटता येतात, तेवढं विचारून घ्या.

काउलकडे पुष्कळांचं दुर्लक्ष होतं. नुसता गोल पंखा जाळीला चिकटवला तर हवा फक्त त्या गोलातून ओढली जाते, जाळीचे कोपरे गरमच राहतात. पूर्ण जाळी झाकणारं काउल असेल आणि पंखा जाळीपासून दीड-दोन सेंटीमीटर मागे असेल तर सगळ्या जाळीतून हवा येते. काउल मोठं आणि पंख्याचं भोक लहान असेल तर महामार्गावर वारा अडकतो. त्यासाठी काउलला रबराच्या झडपा असतात, वेगाच्या वाऱ्याने उघडणाऱ्या आणि पंखा लागला की मिटणाऱ्या. पंख्यासोबत प्लास्टिकच्या लांब पट्ट्या येतात, जाळीतून आरपार ओवून पंखा टांगायच्या. त्या फेकून द्या. गाडीच्या थरथराटाने त्या जाळीच्या नळ्या घासून भोक पाडतात. पातळ लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट करा, मधे रबराचे वॉशर घाला.

जुना पंखा काढताना लक्षात ठेवा की बेल्ट जागेवरच राहतो. वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच चालतात. पंखा आणि त्याचा स्पेसर गेला की तेच लांब बोल्ट पुलीला परत लावू नका. ते जास्त आत जाऊन पंपाच्या बॉडीला घासतील किंवा तळाला टेकून पुली सैलच ठेवतील. मापाचे आखूड बोल्ट स्प्रिंग वॉशरसह घाला.

आता पंखा कधी लागावा हे ठरवणारा स्विच. आपल्या गाड्यांचे थर्मोस्टॅट बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना उघडू लागतात, आणि ८२चा पूर्ण उघडायला साधारण ९५ अंश येतात. पंख्याचा स्विच याच्या वर हवा. थर्मोस्टॅट ८२चा आणि स्विच ८०चा असं झालं तर पंखा बंदच होणार नाही. स्विचवर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला चालू होण्याचा, दुसरा बंद होण्याचा : ९२-८७, ९५-९० असे. स्विच वरच्या टाकीत किंवा इंजिनाकडून येणाऱ्या पाइपात असेल तर हे आकडे ठीक. खालच्या टाकीत, म्हणजे थंड होऊन निघालेल्या पाण्यात असेल तर आठ-दहा अंश कमीचा घ्या. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकीला पितळी बोळं झाळून आटे पाडून देतो. हा सगळ्यात पक्का मार्ग. नाहीतर वरच्या होज पाइपात बसणारा ॲल्युमिनियमचा जोड मिळतो. जाळीत नुसती खोचायची सळई असलेले स्विच मला पसंत नाहीत, ते पाण्याचं नव्हे तर त्या कोपऱ्याचं तापमान सांगतात. एकाच टर्मिनलच्या स्विचला अर्थ, म्हणजे बॉडीकडची मायनस, त्याच्या आट्यांतून मिळतो. त्यावर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थ तुटतो, आणि प्लास्टिकच्या टाकीत किंवा रबरी पाइपातल्या जोडात तर तो मुळातच नसतो. तिथे दोन टर्मिनलचा स्विच घ्या किंवा जोडाला वेगळी अर्थची वायर द्या.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण गाड्या जळतात त्या इथे. पंख्याचा विद्युतप्रवाह स्विचमधून किंवा डॅशबोर्डवरच्या बटणातून थेट न्यायचा नाही. मधे ४० अँपिअरचा रिले हवाच. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड वायर आधी फ्यूजमध्ये, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून पंख्याच्या प्लसला. पंख्याची मायनस तितक्याच जाडीच्या वायरीने बॉडीला, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर. ८६ला चावी फिरवल्यावर येणारा करंट, स्वतंत्र पाच अँपिअरच्या फ्यूजमधून. ८५ वरून तापमानाच्या स्विचला आणि स्विचमधून अर्थ. रिलेला पाचवा पाय असेल आणि त्यावर ८७ए लिहिलं असेल तर तो मोकळा सोडा. तिथे चुकून पंखा जोडला तर तो उलटा वागेल, इंजिन थंड असताना चालू आणि तापलं की बंद. दोन पंखे असतील तर दोन रिले, दोन फ्यूज.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, आणि त्याच्या अलीकडचा वायरीचा तुकडा उघडा पडून बॉडीला टेकला तर त्याला थांबवणारं काहीच नसतं. वीस अँपिअर घेणाऱ्या पंख्याला तीसचा फ्यूज पुरतो. सुरू होताना पंखा क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो, तेवढं हा फ्यूज सोसतो. वायर चार स्क्वेअर एमएमची, चांगल्या तांब्याची. हिशोब असा : एक स्क्वेअर एमएमच्या तीन मीटर वायरीत वीस अँपिअर गेले तर एक व्होल्टहून जास्त वाटेतच हरवतो आणि वायर गरम होते. चार स्क्वेअर एमएममध्ये जेमतेम ०.३ व्होल्ट जातो. पंख्याला मिळणारा व्होल्ट कमी म्हणजे फेऱ्या कमी, म्हणजे वारा कमी.

जोड पिळून वर काळी टेप गुंडाळायची पद्धत या कामात चालत नाही. कोकणचा पाऊस आणि उरण-पेणकडची खारी हवा असल्या जोडाला एकदोन पावसाळ्यांत हिरवा करून टाकते. थिंबल दाबून घ्या, वर हीट श्रिंक, आणि सगळी वायर नालीदार नळीतून न्या. रिले उंचावर, पाय खाली करून बसवा म्हणजे पाणी साचणार नाही. वायर रिलेकडे जाताना थोडी खाली झोळ देऊन वर वळवा, थेंब तिथूनच गळून पडतात.

डॅशबोर्डवर एक छोटा स्विच तापमानाच्या स्विचला समांतर जोडा, ८५ आणि अर्थच्या मधे. तापमानाचा स्विच दगावला तरी पंखा हाताने लावता येईल आणि घरी पोचता येईल. रिलेच्या ८७ वरून बारीक फ्यूजमधून एक दिवा डॅशला आणला तर पंख्याला करंट गेला हे दिसतं. एसीच्या गाडीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याला उभ्या गाडीतही लगेच वारा लागतो. त्यासाठी दुसरा छोटा रिले घ्या : कॉइल एसीच्या क्लचच्या वायरीवर, संपर्क तापमानाच्या स्विचला समांतर. एसी लागला की पंखा लागला.

हे सगळं करण्याआधी अल्टरनेटरचा हिशोब मात्र मांडायलाच हवा, जो क्वचितच कुणी मांडतो. हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे बल्ब मिळून आठ अँपिअर, मागचे दिवे दोन-तीन, वायपर चार-पाच, ब्लोअर दहा-बारा, आणि आता पंख्याचे वीस. पंचेचाळीसच्या घरात गेलो. जुन्या जीपचा अल्टरनेटर बहुधा पस्तीस ते पंचेचाळीस अँपिअरचा असतो, आणि तेही इंजिन जोरात फिरत असताना. रांगेत गुरगुरणारं इंजिन त्याच्या निम्म्याच्या आसपास देतं. म्हणजे वडखळजवळ पावसात, रात्री, रांगेत अडकलात तर उरलेला करंट बॅटरीतून जात राहतो आणि तासाभरात दिवे पिवळे पडतात. मोठा अल्टरनेटर आधी, पंखा नंतर. तो खर्च झेपत नसेल तर लहान पंखा घ्या.

काम झाल्यावर कुलंट भरा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा आणि हवा निघून जाऊ द्या. पातळी खाली गेली की पुन्हा भरा, मग कॅप लावा. गाडी उभी ठेवूनच पहिली परीक्षा घ्या. काटा चढतो, वरचा पाइप गरम होतो, पंखा लागतो, काटा उतरतो, पंखा थांबतो. हा फेरा किमान तीनदा बघा. पंखा चालू असताना मीटरने बॅटरीवरचा आणि पंख्याच्या टर्मिनलवरचा व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर कुठला तरी जोड कच्चा आहे. दहा मिनिटांनी फ्यूजच्या घराला आणि रिलेला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकं गरम चालणार नाही. मग शिरढोणहून कर्नाळ्याची खिंड चढून परत या, त्यानंतर एखाद्या दुपारी खोपोली-खंडाळ्याचा घाट. कशेडीपलीकडच्या गावी सगळ्या कुटुंबाला घेऊन जायचं ते त्यानंतरच.

पावसाळ्यातली एक सूचना. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल आणि पंखा पाण्यात बुडून अडकला तर मोटर भरमसाट करंट ओढते आणि फ्यूज उडतो. म्हणून रिलेच्या ८६च्या वायरीत एक बंद करायचा स्विच ठेवा. पाण्याच्या पट्ट्यात शिरताना तो बंद, बाहेर आल्यावर आठवणीने चालू. हा स्विच साचलेल्या डबक्यांसाठी आहे. पुराचं पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, पंखा कुठलाही असो.

एवढं करूनही कधी गाडी तापलीच तर एसी बंद करा, हीटर असेल तर तो पूर्ण लावा, कारण तोही छोटा रेडिएटरच आहे, आणि सुरक्षित जागा बघून कडेला घ्या. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडू नका. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, ते उसळून तोंड-हात भाजतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. वरच्या होज पाइपाला हात ठेववेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी लागतो. शिरढोणला थांबावं लागलं तर तेवढ्या वेळात वासुदेव बळवंत फडक्यांचं स्मारक बघून होईल. १८४५ साली त्यांचा जन्म याच गावात झाला. बॉनेटखाली वाकताना मात्र ओढणी, पदर, सैल बाह्या सांभाळा. पुष्कळ नव्या गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. हात घालण्याआधी त्याचा कनेक्टर काढून ठेवा.

इंधन वाचेल म्हणून हा बदल करत असाल तर करू नका. वाचतं ते थोडं, आणि त्यातलं काही अल्टरनेटर परत घेतो. रांगेत गाडी तापते म्हणून करत असाल तर जरूर करा, पण पाऊस लागण्याआधी करा. आणि एक जादा ४० अँपिअरचा रिले, दोन ३० अँपिअरचे फ्यूज आणि पाच लिटर कुलंटमिश्रित पाणी गाडीत कायम ठेवा.